केळ्याचे देशाटन

भुसावळ सोडून खांडव्याच्या गाडीने निघाले की थोड्याच वेळात तापीचा पूल लागतो. पूल येईपर्यंत मे महिन्याच्या खानदेशात जे दिसावे तेच दिसत असते : भेगाळलेली काळी जमीन, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि उन्हाने पांढरे पडलेले आभाळ. पूल संपतो आणि नाटकात पडदा बदलावा तसे होते. दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशने मागे पडत जातात आणि रुळांच्या दोन्ही अंगांना केळी, केळी आणि केळीच. उत्तरेला सातपुड्याची निळसर भिंत, दक्षिणेला तापी, आणि मधल्या पट्ट्यात ही एवढी हिरवळ. माझ्या समोरच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "पानी खोल गेलं भाऊ, पन केयी काही सोडवत नाई."

'केयी' म्हणजे केळी. या भागातल्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. बहिणाबाईंची कविता ज्यांनी वाचली आहे त्यांना हे सांगायला नको. काळी माती इथे काई माती होते आणि डोळ्यांचे डोये होतात. दोन दिवसांत माझी जीभही तशी वळू लागली होती.

मी निघालो होतो तो एका पुडीच्या शोधात. मुंबईत एका फळांच्या व्यापाऱ्याकडे केळ्यांचे खोके उघडताना आतून चहाच्या पुडीएवढी कागदी पुडी पडली. "ही काय?" म्हणून विचारले तर तो म्हणाला, "हिच्यामुळे केळी पिकत नाहीत." केळी पिकवायच्या युक्त्या आपल्याला ठाऊक असतात, पण केळी न पिकवण्याचीही पुडी निघाली म्हणजे काय, हे पाहावेसे वाटले. पुड्यांचा उगम कुठे म्हणून विचारले तेव्हा त्याने रावेर तालुक्यातल्या आपल्या ओळखीच्या एका बागायतदाराचे नाव दिले. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणतो, मीही आप्पाच म्हणेन.

आप्पा सत्तरीच्या घरातले. त्यांच्या पुतण्याने शेतकीची पदवी घेतली आहे आणि घरची पन्नासेक हजार झाडे दोघे मिळून पाहतात. इथे शेती एकरांत मोजत नाहीत, झाडांत मोजतात. जून-जुलैत लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा सरल्यावर लावलेली ती कांदेबाग. झाडातून फुलोरा बाहेर पडला की केळी 'निसवली'. निसवल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत घड कापणीला येतो. जुन्या बसराई आणि श्रीमंतीची जागा आता बहुतेक ठिकाणी ग्रँड नैन या ऊतिसंवर्धित रोपांनी घेतली आहे. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ च्या जूनमध्ये याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी त्या मानांकनाच्या नावाने दुबईला गेली. आप्पांना त्याचे कौतुक आहे, पण बेताचेच. त्यांचा विषय निराळा. तो त्यांनी पहिल्याच संध्याकाळी अंगणातल्या बाजेवर बसून मला एका वाक्यात सांगितला.

"भाऊ, झाडावर हाये तोवर केयी आपली. कापली का तिचं घड्याय सुरू झालं. मंग ते कोनाच्या बापाले थांबत नाई."

या घड्याळाची किंमत आप्पांना रोकडी ठाऊक आहे. २०२० च्या टाळेबंदीत त्यांची उत्तरेकडे निघालेली एक अख्खी गाडी वाटेत अडकून पडली. चौथ्या दिवशी ताडपत्री उघडली तेव्हा वरचा थर हिरवा आणि आतले सगळे पिवळे. आप्पांच्या शब्दांत, 'गाडी पिकली'. पुढे बाजारात पोचेपर्यंत ती काळी झाली आणि गाडीभाडेही अंगावर पडले. पण रस्ता मोकळा असतानाही खेळ तोच असतो. इथे रोज केळ्यांचे भाव फळ्यावर लागतात, तो 'बोर्ड भाव'. आज भाव पडला म्हणून कांदा चाळीत राखता येतो, कापूस घरात भरून ठेवता येतो. भरलेला घड मात्र झाडावर फार दिवस ठेवला तर साल तडकते, आणि कापला तर घड्याळ चालू. व्यापाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो घाई करीत नाही. मालक घाईत आणि गिऱ्हाईक निवांत असला की सौदा कसा होतो ते सांगायला नको.

पूर्वी इथली केळी रेल्वेच्या वॅगनीतून जात. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांची खरी श्रीमंती त्या वॅगनींनी होती. घड उभे रचायचे आणि मधून केळीचीच पाने कोंबायची. पुढे ट्रकांनी तो धंदा बराचसा ओढून नेला. २०२० नंतर काही काळ किसान रेल इथून दिल्लीच्या आदर्शनगरला केळी घेऊन धावली, त्या दिवसांची याद लोक अजून काढतात. ट्रकमध्येही पाने आहेतच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक ट्रक भरताना पाहिला. मजूर घड डोक्यावरून आणीत, खाली पानांची गादी, बाजूला पाने, वरही पाने. कापलेल्या पानांचा तो ओला, कोवळा वास आणि त्यात माणसांच्या घामाचा वास. "दिल्लीची गाडी," आप्पा म्हणाले. पुडी या गाडीत नव्हती.

पुडी होती ती गावाबाहेरच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये. इथे घड डोक्यावरून येत नाही. फोमच्या चादरीत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखा येतो. आल्याबरोबर बाकदार सुरीने फण्या वेगळ्या करतात. कापल्या जागेतून चीक गळतो, तो सालीवर सुकला तर काळा डाग पडतो, म्हणून फण्या लगेच तुरटीच्या पाण्याच्या हौदात. एक पोरगा चिमट्यासारख्या मापाने केळ्यांची जाडी मोजत होता. जवळच्या बाजाराला गोल भरलेले केळे चालते. दूर जाणाऱ्या केळ्याच्या अंगावर धारा दिसायला हव्यात, म्हणजे ते पाऊण भरलेले असताना कापलेले हवे. धारा असलेले फळ सावकाश पिकते. हौदातून निघालेल्या फण्या वाळवून, वजन करून, पातळ पॉलिथीनच्या पिशवीत आणि पिशवी पुठ्ठ्याच्या खोक्यात. एका खोक्यात तेरा किलो.

पिशवीचे तोंड बांधण्याआधी एक मुलगी प्रत्येक खोक्यात पुडी टाकत होती, आणि तिच्या शेजारची बाई घर झाडायच्या यंत्रासारख्या नळीने पिशवीतली हवा ओढून घेत होती. एक पुडी फुटलेली निघाली, ती मी मागून घेतली. आत ज्वारीच्या दाण्याएवढे जांभळे खडे. बोटाला लागले तर बोट आधी जांभळे झाले आणि दुपारपर्यंत तपकिरी. तो डाग दोन दिवस गेला नाही. रंग ओळखीचा होता. लहानपणी पटकीची साथ आली की आमच्या आळीतल्या विहिरीत नगरपालिकेचा माणूस जे औषध टाकून जाई, ते हेच. पोटॅशियम परमँगनेट.

विहिरीतले औषध केळ्याच्या खोक्यात काय करते? इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे, पण घाबरू नये, कारण त्यातले अर्धे आपल्या आजीला ठाऊक होते. आंब्याची अढी घालतात तेव्हा आंबे पेंढ्यात झाकून ठेवतात. एक पिकू लागला की भोवतालचे भराभर पिकतात, आणि एक नासका सगळी अढी नासवतो. ही म्हण आपण माणसांना लावतो, पण फळांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. पिकणारे फळ एक वायू सोडते, त्याचे नाव एथिलीन. शेजारच्या फळाला तो पोचला की तेही पिकू लागते आणि स्वतःही तोच वायू सोडू लागते. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एक भाग असला तरी हिरव्या केळ्याला तेवढी कुणकुण पुरते. मग त्याचा श्वास वाढतो, अंगची ऊब वाढते, गरात शेकडा वीसच्या आसपास असलेल्या पिष्टाची साखर होते, साल पिवळी पडते. एकदा चालू झाले की माघार नाही.

हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबॉव नावाच्या संशोधकाने, दिव्याच्या गॅसमुळे प्रयोगशाळेतले वाटाण्याचे मोड वेडेवाकडे वाढतात ते त्यातल्या एथिलीनमुळे, हे दाखवले. १९१० साली जमैकातल्या कझिन्स या अधिकाऱ्याने आपल्या अहवालात लिहिले की केळ्यांच्या जहाजात संत्री ठेवू नयेत, त्यांच्यातून काहीतरी निघते आणि केळी अवेळी पिकतात. आज असे मानतात की दोष चांगल्या संत्र्यांचा नव्हता, त्यातल्या बुरशी लागलेल्यांचा असावा. म्हणजे पुन्हा आपला नासका आंबाच. आणि फळ हा वायू स्वतः तयार करते याचा पक्का पुरावा १९३४ साली इंग्लंडमध्ये गेन याने सफरचंदांवरून दिला. तोवर आपल्या आज्यांनी किती अढ्या घातल्या असतील!

अढी म्हणजे वायू कोंडायची युक्ती. पुडी म्हणजे तोच वायू गिळायची युक्ती. परमँगनेट हे मोठे खादाड द्रव्य आहे. एथिलीन समोर आला की त्याचा प्राणवायूशी संयोग घडवून ते त्याचा निकाल लावते आणि त्या खटाटोपात स्वतः जांभळ्याचे तपकिरी होते. सच्छिद्र मातीच्या किंवा खनिजाच्या खड्यांत ते मुरवायचे, वायू आत जाईल पण खडे बाहेर येणार नाहीत अशा कागदात बांधायचे, की झाली पुडी. फळाला ते लागता कामा नये, कारण पोटात जायची ती वस्तू नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या स्कॉट, मॅकग्लासन आणि रॉबर्ट्स या तिघांनी १९७० साली पॉलिथीनच्या पिशवीत केळ्यांबरोबर परमँगनेट ठेवून ती किती लांबतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रावेरच्या शेडमधली पोरगी दर खोक्यागणिक तोच प्रयोग करीत होती, फक्त तिला तो करायला दिवसाची मजुरी मिळत होती.

पुतण्या मला हे सगळे उत्साहाने समजावीत होता. तो म्हणाला, "काका, अर्धं काम तर नुसती पिशवीच करते." केळे कापल्यावरही श्वास घेते. पिशवीत कोंडले की आतला प्राणवायू ते स्वतःच कमी करते आणि कार्बन डायऑक्साइड वाढवते. हवा कमी म्हणून श्वास मंद, श्वास मंद म्हणून पिकणे मंद. पण पिशवी फारच घट्ट आणि दिवस फारच तापलेला असेल तर फळ गुदमरते आणि आंबूस, दारूसारखा वास मारू लागते. म्हणून पिशवीचा पातळपणा आणि भोके यांचा हिशेब असतो. हल्ली काही पिशव्यांच्या प्लॅस्टिकातच खनिजाची पूड मिसळलेली असते आणि तीच वायू शोषते असे विकणारे सांगतात. माझ्या मते तिथे पुष्कळदा कामगिरी पिशवीची आणि नाव पुडीचे, असा प्रकार असतो.

याहून हुशार एक उपाय अमेरिकेत निघाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या सिसलर आणि ब्लँकनशिप यांनी १९९०च्या दशकात असा एक वायू पुढे आणला की जो फळातल्या एथिलीनच्या कुलपात जाऊन बसतो. मग खऱ्या किल्लीला जागाच राहत नाही. सफरचंदाला तो फार मानवला. केळ्याला तितका नाही, मात्रा चुकली तर एकाच फणीतले एक केळे पिवळे आणि दुसरे हिरवे राहते. केळे मुळातच नाजूक प्रकृतीचे. साडेतेरा अंशांच्या आसपासचा गारवा त्याला सोसतो, त्याखाली गेले की साल काळवंडते. फ्रिजमध्ये केळी ठेवणाऱ्या प्रत्येक गृहिणीने हे पाहिले आहे. बटाट्यासारखे गारठवून ठेवता येत नाही, म्हणून तर या पिशव्या आणि पुड्या.

एवढे ऐकल्यावर मी आप्पांना म्हणालो, "मग तुमच्या घड्याळावर औषध मिळालं की!"

आप्पा हसले नाहीत. आत गेले आणि खोक्याला चालली नाही अशी एक फणी घेऊन आले. तिच्यावर एका बाजूला घासल्याचा पुसटसा डाग होता. "हिले पुडी दिली तं ऐकंल का?" त्यांनी पुतण्याला विचारले. पुतण्या गप्प झाला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, नाही. खरचटलेले फळ आतूनच वायू सोडू लागते. उशिरा कापलेले, उन्हात तासभर पडलेले, आदळलेले फळ, यांचे एकदा आतून सुरू झाले की बाहेरची पुडी काही करू शकत नाही. पुडी शेजाऱ्याची कुजबुज थांबवते. फळाने स्वतःशीच बोलायला सुरुवात केली की तिचा उपाय चालत नाही.

"मंग पुडीचे दिवस कोनाले भेटतात ते सांगा," आप्पा म्हणाले. या प्रश्नावर काका-पुतण्यांत रात्री जेवणानंतर बराच वेळ चालले आणि मी मध्ये पडलो नाही. पुतण्याचे म्हणणे, शेडच्या खोक्याला बोर्डापेक्षा चढा भाव मिळतो, तो पुडी-पिशवीमुळेच, आणि आखाताच्याही पलीकडे, तीन-तीन आठवड्यांच्या बाजारात जायचे तर याशिवाय गती नाही. आप्पांचे म्हणणे, चढा भाव मिळतो तो शंभरातल्या निवडक घडांना. उरलेले पानांच्या गादीवर दिल्लीला जातात आणि त्यांचा भाव बोर्ड ठरवतो. पुडीने वाढवलेले दिवस खोक्याबरोबर जहाजात जातात, बागेत एकही राहत नाही. घड कापायच्या दिवशी ते आजही जितके अडलेले असतात तितकेच वीस वर्षांपूर्वी होते.

मला दोघांचेही पटत होते. पण मनात आले की गारव्याची एक खोली आणि या पिशव्या गावातच असत्या, दहा जणांच्या मालकीच्या, तर आप्पांना भाव पडलेल्या दिवशी कापलेली केळी आठवडाभर तरी धरून ठेवता आली असती. मी तसे बोलून दाखवले. आप्पा म्हणाले, "दहा जन एका खोलीत? आधी त्याहीची पुडी काढा." आणि मग मात्र खदखदून हसले.

परतीच्या वाटेवर जळगावला एका पिकवणी केंद्रात डोकावलो. खानदेशात पूर्वी याची भट्टी असे : बंद खोलीत घड रचायचे आणि गोवऱ्यांचा धूर कोंडायचा. धुरात एथिलीन असतो, म्हणून ती युक्ती साधे. मध्यंतरी कार्बाइडची पूड आली. तिच्यावर अन्नसुरक्षेच्या कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आता गार खोलीत मोजून एथिलीन सोडतात. दहा लाखांत शंभर भागांपर्यंत त्याला २०१६ साली परवानगी मिळाली. खोलीबाहेर यंत्रात जो द्रव ओततात त्यापासून एथिलीन तयार होतो. मी तिथल्या माणसाला विचारले की पुडीची केळी इथे येतात का. तो म्हणाला, येतात कधीकधी, परदेशी न गेलेली. मग? "पुडी काढून टाकायची आणि गॅस सोडायचा." एका गावी पैसे देऊन वायू गिळवायचा आणि दुसऱ्या गावी पैसे देऊन तोच वायू पाजायचा, हा व्यवहार ऐकून मला हसू आले, पण त्याला त्यात काहीच विनोदी वाटले नाही. पिकायचे कधी, हे ठरवण्याचेच तर तो पैसे घेतो.

निघताना पुतण्याने मला दोन फण्या बांधून दिल्या. दोन्ही सारख्या पिशव्यांत, पण एकीत पुडी आणि दुसरीत नाही. "घरी ठेवून बघा काका," तो म्हणाला. मुंबईत मी त्या स्वयंपाकघरातल्या फडताळात शेजारी-शेजारी ठेवल्या आणि घरात सर्वांना ताकीद दिली की हात लावायचा नाही. बिनपुडीची आठव्या दिवशी पिवळी झाली आणि दहाव्या दिवशी खाऊन संपली. पुडीची चौदाव्या दिवशीही पोपटासारखी हिरवी होती. रोज सकाळी मी ती पाहून येई आणि घरातली मंडळी मला.

पंधराव्या दिवशी वैशाखी पौर्णिमा आली. घरात सत्यनारायण होता आणि प्रसादाला केळी हवी होती. बाजारातून आणलेली डझनभर निम्मी डागाळलेली निघाली. सौभाग्यवतींनी आदल्याच दिवशी माझ्या प्रयोगाची पिशवी कात्रीने उघडली होती, पुडी कोपऱ्यात फेकली होती आणि फणी पलंगाखालच्या आंब्यांच्या अढीत, दोन पिकल्या हापुसांच्या मधे, पेंढ्याखाली सारली होती. पूजेच्या सकाळी पाहतो तो केळ्यांच्या पाठीवर पिवळा रंग चढू लागला होता, पण प्रसादात कालवण्याजोगी ती झाली नव्हती. ती झाली दुसऱ्या दिवशी. प्रसाद डागाळलेल्यांवरच भागला. कोपऱ्यातली पुडी मी उचलून फोडली. वरचे खडे तपकिरी झाले होते, पण आतले अजून जांभळे होते.